टोकियोत रीळ, माळ्यावर कॅसेट

ठाणे-डोंबिवली पट्ट्यात मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यातला, घोडबंदर रस्त्यावरचा. दुसरा डोंबिवली पूर्वेचा. यांपैकी कुठल्याही मानपाड्यात पन्नाशीला टेकलेल्या माणसापुढे ‘जायंट रोबॉट’ एवढंच म्हणून पाहा. बऱ्याच जणांचं मनगट आपसूक तोंडाशी जातं. मालिकेतला जॉनी सॉको नावाचा मुलगा मनगटावरच्या घड्याळात हुकूम सोडायचा आणि इजिप्तच्या फेरोसारखं मस्तक असलेला अजस्र यंत्रमानव तो पाळायचा. शेवटच्या भागात मात्र जॉनी ‘परत ये’ म्हणून ओरडत असताना हा यंत्रमानव सम्राट गिलोटिन या खलनायकाला कवटाळून अंतराळात झेपावतो आणि उल्केवर आदळून स्वतःलाही संपवतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर हे पाहणारी मुलं त्या संध्याकाळी धड जेवली नसतील.

ही मालिका आज कुठे आहे? मूळ मालिका सुखरूप आहे. जपानच्या तोएई कंपनीने मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेवरून ती केली आणि ऑक्टोबर १९६७ ते एप्रिल १९६८ या काळात तिचे २६ भाग तिकडे दाखवले गेले. अमेरिकन इंटरनॅशनल या कंपनीने तिला इंग्रजी आवाज दिले, मुलाचं नाव दाइसाकूचं जॉनी केलं आणि तीच आवृत्ती जगभर फिरत आपल्यापर्यंत पोचली. तिचे डीव्हीडी संच निघाले, इंटरनेटवरही ती सापडते. सापडत नाही ते दूरदर्शनचं प्रक्षेपण. म्हणजे मालिकेआधीची निवेदिका, मधल्या जाहिराती, ‘व्यत्यय’ची पाटी आणि वरळीच्या मनोऱ्याकडे अँटेना फिरवूनही न हटणाऱ्या पडद्यावरच्या मुंग्या. जपानी सुपरहिरोंच्या जुन्या मालिका जपण्याची गोष्ट सांगताना हा फरक पहिल्यापासून ध्यानात ठेवावा लागतो. मालिका जपणं वेगळं आणि ती एखाद्या गावात जशी पाहिली गेली ते जपणं वेगळं. पहिलं काम जपानने पुष्कळ केलं आहे. दुसरं त्याच्या हातातलं नाही.

रिळावरचे तगले

या मालिकांच्या प्रकाराला जपानीत ‘तोकुसात्सु’ म्हणतात. रबरी पोशाखातला माणूस, पुठ्ठ्या-प्लास्टरच्या इमारती आणि कॅमेऱ्याच्या करामती, असा हा सारा मामला. १९५८ साली टीव्हीवर आलेला ‘गेक्को कामेन’ हा या घराण्याचा मूळपुरुष मानला जातो. पांढरा फेटा, काळा चष्मा आणि मोटरसायकल अशा थाटात येणाऱ्या या वीराचं नाव बौद्ध परंपरेतल्या चंद्रप्रभ बोधिसत्त्वावरून सुचलेलं. त्याचा लेखक कोहान कावाउची पुढे गोष्टीतून थेट भारतातच येऊन थडकला. त्याच्या ‘रेनबोमॅन’चा नायक भारतात येऊन देवदत्त नावाच्या योग्याकडे साधना करतो आणि सात रूपं धारण करण्याची सिद्धी घेऊन मायदेशी परततो. ही मालिका ६ ऑक्टोबर १९७२ रोजी जपानमध्ये सुरू झाली. त्याच्या चारच दिवस आधी, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शनचं उद्घाटन झालं होतं. योगबळाने लढणारा ‘शक्तिमान’ आपल्याला भेटायला त्यानंतर पंचवीस वर्षं जावी लागली.

मधल्या काळात, १९६६ साली, ‘अल्ट्रामॅन’ आला. त्यामागे होते एइजी त्सुबुराया, ‘गॉडझिला’च्या दृश्यांचे करामती. इमारत कोसळण्याचं दृश्य ते कसं घेत हे पाहिलं, की या मालिका टिकल्या का याचं अर्धं उत्तर मिळतं. हातभर उंचीची प्लास्टरची इमारत पडायला क्षणभर पुरतो आणि पडताना ती खेळण्यासारखीच दिसते. म्हणून कॅमेरा नेहमीच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त वेगाने चालवायचा. सेकंदाला २४ ऐवजी ७२ चित्रं टिपायची आणि दाखवताना २४च्याच गतीने दाखवायची. क्षणाची पडझड तीन क्षण चालते आणि डोळ्यांना वाटतं, केवढं हे धूड! आकाशातला वीर, जमिनीवरची पळणारी माणसं आणि तोंडातून निघणारा किरण हे तीन वेगवेगळे तुकडे एकाच चौकटीत बसवायचे तर तेही काम फिल्मवरच नीट व्हायचं. त्या काळातली टीव्हीची टेपयंत्रं अवजड, स्टुडिओला खिळलेली. असली कसरत त्यांच्या आवाक्यातली नव्हती.

याचा परिणाम कुणी ठरवून केलेला नव्हता. फिल्म एकदा धुतली की पुसता येत नाही. टेप पुसता येते, आणि महाग असल्यामुळे ती पुसून पुन्हा वापरलीही जायची. जपानची सार्वजनिक वाहिनी एनएचके हिने १९६३ साली ‘हाना नो शोगाई’ ही मोठी ऐतिहासिक मालिका केली. दर रविवारी घराघरांत पाहिल्या गेलेल्या त्या मालिकेचा आज केवळ पहिला भाग शिल्लक आहे. उलट मुलांचा वेळ घालवायची गंमत म्हणून केलेल्या ‘अल्ट्रामॅन’चे ३९ च्या ३९ भाग सुस्थितीत आहेत. दर्जेदार ते गेलं आणि रबरी राक्षस राहिले. दर्जाचा इथे संबंधच नव्हता. काय कशावर चित्रित झालं आणि त्याच्या प्रती किती निघाल्या, एवढ्यावर सगळं ठरलं.

फिल्मचा आणखी एक फायदा पन्नास वर्षांनी दिसला. त्यावर जितका तपशील उमटतो तितका त्या वेळच्या टीव्हीच्या पडद्यावर कधी दिसलाच नव्हता. ‘अल्ट्रामॅन’च्या आधीची कृष्णधवल ‘अल्ट्रा क्यू’ ३५ मिमी फिल्मवर होती. मूळ रीळ नव्याने स्कॅन करून २०१९ साली ती ४के दर्जात निघाली. १९६६च्या प्रेक्षकाला दिसली नसेल अशी राक्षसाच्या कातडीवरची शिवण आता दिसते.

चित्रीकरणानंतरच्या वस्तूंचे मात्र हाल झाले. पोशाख कुजले, इमारतींचे नमुने मोडीत गेले. ‘इव्हँजेलियन’चे दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी २०१२ साली टोकियोच्या समकालीन कला संग्रहालयात उरल्यासुरल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं आणि २०१७ साली त्या जपण्यासाठी एक संस्था काढली. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये त्सुबुरायांच्या जन्मगावी, फुकुशिमातल्या सुकागावा इथे, या वस्तूंचं कायमचं भांडारही उघडलं. गावाने आपल्या माणसाचा वारसा आपल्याच हद्दीत ठेवून घेतला.

ऑनलाइन आलं कसं

सुरुवातीला कंपन्यांना परदेशातल्या प्रेक्षकांचं फारसं सोयरसुतक नव्हतं. जपानमधून मित्राने पाठवलेली कॅसेट, तिची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, अशी ही मंडळी जगली. पुढे हौशी गटांनी स्वतः भाषांतरं करून पडद्याखाली ओळी घातल्या आणि फायली एकमेकांना दिल्या. कायद्याच्या नजरेत हे चूकच होतं. पण बाहेर मागणी आहे, हे कंपन्यांना त्यातूनच कळलं.

अधिकृत बाजूने लक्षात राहणारं एक पाऊल २००९चं. तोएईने १९७८-७९ मध्ये मार्वलच्या परवानगीने ‘स्पायडरमॅन’चे ४१ भाग केले होते. हा स्पायडरमॅन अडचणीत सापडला की ‘लिओपार्डन’ नावाच्या प्रचंड यंत्रमानवात बसून लढायचा. खुद्द मार्वलने ही मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह आपल्या संकेतस्थळावर चढवली. तिच्यातली यंत्रमानवाची युक्ती तोएईने लगेच आपल्या पाच वीरांच्या मालिकांत उचलली होती. त्यांतल्या ‘झ्यूरेंजर’ची लढाईची दृश्यं घेऊन अमेरिकेने १९९३ साली ‘पॉवर रेंजर्स’ बनवलं. नंतर केबलवर हिंदीत बोलणारे रेंजर्स पाहून गॅलरीत हातपाय झाडणाऱ्या पोरांना आपण जपानी नातेवाइकांच्या घरी आहोत, याचा पत्ता नव्हता.

२०२०च्या एप्रिलमध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, तोएईने जुन्या तोकुसात्सु मालिकांसाठी यूट्यूबवर स्वतंत्र वाहिनी उघडली आणि डझनावारी मालिकांचे सुरुवातीचे भाग जगासाठी खुले केले. त्याच वर्षी जूनपासून त्सुबुराया कंपनी ‘अल्ट्रामॅन झेड’चे नवे भाग इंग्रजी ओळींसह जगभर दाखवू लागली. ब्राझीलमध्ये तर ‘जास्पियन’ आणि ‘चेंजमॅन’ यांच्यावर एक अख्खी पिढी वाढली. तिथल्या एका वितरक कंपनीने या मालिका पोर्तुगीज आवाजांसह पुन्हा आणल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पोरांनी ऐकले होते तेच आवाज. साओ पाउलोच्या माणसाला जपानी आवाजातला जास्पियन दिलात तर तो त्याला उपरा वाटेल.

हक्कांचं जंजाळ हा या वाटेवरचा मोठा खड्डा. अल्ट्रामॅनचे जपानबाहेरचे हक्क आपल्याकडे आहेत, असं थायलंडच्या एका निर्मात्याने १९७६ सालच्या एका कागदाच्या जोरावर सांगितलं. वाद जपान, थायलंड, चीन असा देशोदेशींच्या कोर्टांत फिरला. अखेर लॉस एंजेलिसच्या ज्युरीने २०१७ साली तो कागद ग्राह्य धरला नाही आणि पुढच्या वर्षी निकाल त्सुबुरायांच्या बाजूने लागला. तोवर जुना अल्ट्रामॅन परदेशात मोकळेपणी विकणं जिकिरीचंच होतं. इंग्रजी जॉनी सॉकोचा प्रवासही असाच. अमेरिकन इंटरनॅशनल फिल्मवेज कंपनीत विलीन झाली, फिल्मवेजचं ओरायन झालं, ओरायन एमजीएमकडे गेली आणि २०२२ साली एमजीएम ॲमेझॉनने घेतली. मालक बदलतात तेव्हा यादीत शेकडो शीर्षकं असतात. एका जुन्या मुलांच्या मालिकेची रिळं कुठल्या गोदामात आहेत, हे विचारणारं त्या गर्दीत कुणी नसतं.

शिवाय यूट्यूब म्हणजे अभिलेखागार नव्हे. तिथे चढवलेलं चित्र दाबून लहान केलेलं असतं, परवाना संपला की व्हिडिओ उतरतो, देशानुसार दिसतो किंवा दिसत नाही. दाखवण्याची ती जागा आहे, ठेवण्याची नव्हे.

आपल्या वाट्याचं काम

मुंबई दूरदर्शनवरही टेपची तीच कथा होती. टेप महाग, कपाट लहान आणि उद्याच्या कार्यक्रमाला टेप हवी. सुरुवातीच्या काळातलं बरंच काही त्यात पुसलं गेलं. जे राहिलं त्यातलं काही प्रसार भारतीने यूट्यूबवर आणलं. २०२०च्या टाळेबंदीत ‘रामायण’ आणि ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवले गेले, ‘डीडी रेट्रो’ सुरू झाली, आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात इफ्फीच्या वेळी ‘वेव्हज’ हे प्रसार भारतीचं ओटीटीही आलं. पण हे बहुतेक दूरदर्शनसाठी देशातच तयार झालेलं. बाहेरून आणलेल्या मालिकेचा ठरावीक काळापुरता दाखवण्याचा हक्क विकत घेतलेला असतो. मुदत संपली की ती आपली राहत नाही, म्हणून ती जपण्याची जबाबदारीही कुणाची राहत नाही. खासगी वाहिन्यांच्या हिंदी आवाजांचंही तसंच. वाहिनीचं नाव बदलतं, परवाना संपतो आणि मुंबईतल्या डबिंग स्टुडिओत कलाकारांनी रात्री जागून दिलेले आवाज कुठल्या तरी हार्ड डिस्कवर पडून राहतात. जपानच्या कंपनीला ते लागत नाहीत. तिच्याकडे मूळ आवाज आहेत.

अशा वेळी कामाला येतो तो घरातला प्रेक्षक. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले शंभराच्या आसपास भाग पुसले गेले. पण त्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज उपलब्ध आहे, कारण तेव्हाच्या शाळकरी पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता. २०१३ साली त्याच मालिकेचे नऊ भाग थेट नायजेरियातल्या जोस शहरात मिळाले. तिकडे दाखवायला पाठवलेल्या प्रती परत आल्याच नव्हत्या. एनएचकेने तर शहाणपणाने प्रेक्षकांनाच साकडं घातलं: तुम्ही घरी रेकॉर्ड केलेलं आमचं जुनं काही असेल तर आम्हाला द्या. त्यांच्या या शोधमोहिमेतून वाहिनीकडे नसलेले कार्यक्रम लोकांच्या कपाटांतून परत आले. आपल्याकडे १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग मध्यमवर्गात व्हीसीआर. गिरगाव-दादरच्या चाळींतून डोंबिवलीच्या नव्या इमारतींत आलेल्या कुटुंबांनी जे जमेल ते रेकॉर्ड केलं. लग्नाच्या कॅसेटवर उरलेल्या अर्ध्या तासात क्रिकेट, छायागीत, आणि पोराच्या हट्टापायी एखादा कार्टूनचा किंवा यंत्रमानवाचा भाग. या कॅसेट बहुतेक घरांत माळ्यावर, दिवाळीच्या खोक्यामागे आहेत.

कॅसेट उघडून पाहिली तर

आता ही कॅसेट हातात घेऊ. व्हीएचएस हे तंत्रही जपानचंच, जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणलेलं. आत अर्ध्या इंचाची फीत असते. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कण एका चिकट थराने बसवलेले असतात. आपला शत्रू या चिकट थरापाशी असतो. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओलसर असते. हा थर ओल शोषून घेतो, मऊ पडतो आणि फीत यंत्रातून सरकताना चिकटते. दुसरा शत्रू बुरशी. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून फितीच्या गुंडाळीच्या कडेकडे पाहा. काळी, गुळगुळीत कड दिसली तर ठीक. पांढुरके ठिपके किंवा कोळ्याच्या जाळीसारखी पूड दिसली, तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राच्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. अशी फीत आधी कोरड्या जागी ठेवून वाळवावी लागते, मग बाहेर काढून हलक्या हाताने पुसावी लागते. हे काम जाणकाराचंच.

निरोगी कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवावी. वर्षानुवर्षं एकाच अवस्थेत आवळून राहिलेली फीत त्याने सैल, समतोल होते. मागची इवलीशी पट्टी मोडली नसेल तर मोडून टाकावी. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुनं पुसलं जात नाही. व्हीसीआरमधल्या ड्रमवर बसवलेली हेड मिनिटाला १५०० फेरे घेत फितीवरून तिरकस वाचत जातात. फीत थोडी ताणली गेली असेल तर ओळी वेळेच्या किंचित मागेपुढे पडतात आणि चित्राच्या कडा वाकड्या, थरथरत्या दिसतात. ‘टाइम बेस करेक्टर’ नावाचं यंत्र मध्ये लावलं की ते प्रत्येक ओळ वेळेवर सोडतं. शक्य असेल तिथे पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओची वायर लावावी, रंग फुटत नाहीत. पहिली फाइल मोठीच ठेवावी. डीव्ही प्रकारातली फाइल तासाला सुमारे १३ जीबी घेते, न दाबलेली त्याहून बरीच जास्त. नाक्यावरचा फोटोवाला ‘एक जीबीत तीन तास बसवून देतो’ म्हणाला, तर ती फाइल पाहायला ठेवा, जपायला नको. आणि जाहिराती, निवेदन, मधले धक्के कापू नका. मालिकेचा भाग टोकियोत याहून सुबक आहे. आपल्या कॅसेटची किंमत त्या भागाच्या आजूबाजूला जे आहे त्यात आहे.

घाई का करायची, याचं कारण यंत्रात आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानचीच फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. सुटे भाग आता जुन्या यंत्रांतूनच काढावे लागतात. युनेस्कोच्या एका उपक्रमाने २०१९ साली जगभरच्या संग्रहांना बजावलं, की २०२५च्या पुढे चुंबकीय फिती वाचणं फार अवघड होत जाईल. म्हणजे ती तारीख उलटली आहे.

कायदा काय म्हणतो

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा या बाबतीत समजतो तितका कठोर नाही आणि वाटतो तितका सैलही नाही. स्वतःच्या वापरासाठी, अभ्यासासाठी उचित वापराची मुभा आहे. घरची कॅसेट घरच्या डिस्कवर उतरवणं यात बसवता येतं. तीच फाइल जगासाठी इंटरनेटवर चढवणं मात्र वेगळी गोष्ट, तिथे हक्कधारकाचा प्रश्न येतो. चित्रपटावरचा, म्हणजे मालिकेवरचाही, हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. प्रक्षेपकाचा स्वतःच्या प्रक्षेपणावरचा हक्क २५ वर्षांचा. ऐंशीच्या दशकातल्या प्रक्षेपणावरचा दूरदर्शनचा हक्क म्हणूनच केव्हाच संपला आहे, पण आतल्या मालिकेवरचा अजून जिवंत आहे. आपल्या मुदतीने हिशेब केला, तर ‘जायंट रोबॉट’चे १९६७ मधले मूळ भाग २०२७च्या अखेरीस मोकळे होतात आणि १९६८ मधले त्याच्या पुढच्या वर्षी. जपानमध्ये हीच मुदत ७० वर्षांची आहे. ज्या चित्रकथेवर मालिका बेतली, तिचा हिशेब निराळा, चित्रकाराच्या मृत्यूपासूनचा. योकोयामा २००४ साली वारले.

२०१२च्या दुरुस्तीने या कायद्यात एक कलम आलं, ५२(१)(एन). नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवायला त्याला मोकळीक आहे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय उभं आहे आणि डोंबिवलीला तर वाचनालयांचा दांडगा अभिमान. या संस्थांनी पुस्तकांच्या जोडीला कॅसेटचंही एक कपाट मांडलं, एक चालू व्हीसीआर आणि एक टाइम बेस करेक्टर ठेवला, सभासदांकडून कॅसेट दान घेताना तारीख, वाहिनी आणि रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव लिहून घेतलं, तर हे कलम त्यांच्याच कामाचं आहे. आज ते दाखवता आलं नाही तरी ठेवता येईल. हक्क संपतात, फीत मात्र त्या दिवसाची वाट पाहत नाही.

तोवर घरच्या पातळीवर करण्यासारखं इतकंच: यंदा माळा आवरताना कॅसेट भंगारात टाकण्याआधी खिडकीतून कड पाहा, खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा, कोरी वाटली तरी शेवटपर्यंत चालवून बघा. एक मूळ फाइल, तिची दुसऱ्या डिस्कवर प्रत आणि तिसरी दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मित्राकडे, एवढी तजवीज करा. अल्ट्रामॅन वाचला तो शूर होता म्हणून नव्हे, त्याच्या प्रती पुरेशा होत्या म्हणून. मानपाड्यातल्या त्या संध्याकाळींच्या प्रती काढायला टोकियोहून कुणी येणार नाही.